सभागृहाचा दिवस कोणाच्या हातात? ब्रेक्झिटच्या काळातली ब्रिटिश संसद

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१९ साली ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघातून ब्रिटनने बाहेर पडण्याचा, सरकारने संघाशी केलेला करार कॉमन्स या निवडून आलेल्या कनिष्ठ सभागृहाने तीन वेळा फेटाळला, तरी अविश्वास ठरावात ते सरकार टिकलं. मग त्याच सभागृहाने सरकारच्या विरोधाला न जुमानता दोन कायदे केले. अशा वेळी बहुमत नेमकं कोणाकडे होतं म्हणायचं, आणि आपल्याकडे असं घडू शकतं का?

मी अठ्ठावीस वर्षं विधिमंडळ सचिवालयात काम केलं, त्यातली बहुतेक कामकाजाच्या शाखेत. त्यामुळे हे उत्तर राजकीय भाष्यकाराचं नाही, कामकाजपत्रिका तयार करणाऱ्या माणसाचं आहे. ब्रेक्झिट चांगलं की वाईट यात मी जाणार नाही.

बहुमत कोणाकडे, हा माझ्या मते अर्धाच प्रश्न आहे. बहुमत मोजलं जातं ते प्रस्ताव मतास टाकल्यावर. पण तो प्रस्ताव मतास येणार की नाही, कोणत्या शब्दांत येणार, त्याला दुरुस्ती सुचवता येणार का, चर्चेला किती तास मिळणार, हे सगळं त्याआधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचा कामकाजाचा क्रम आदल्या संध्याकाळी छपाईला जायचा. एखादा ठराव तिसऱ्या क्रमांकावर असला की त्यावर चर्चा व्हायची. चौदाव्या क्रमांकावर असला की तो नुसता छापून यायचा. सदस्यांचे फोन यायचे ते ठरावाच्या मजकुराबद्दल क्वचित, क्रमांकाबद्दल नेहमी. ब्रिटनमध्ये जानेवारी ते ऑक्टोबर २०१९ मध्ये जे झालं ते मूळ स्वरूपात या क्रमांकाचंच भांडण होतं, फक्त त्यावर एका देशाचं भवितव्य टांगलेलं होतं.

कॉमन्सच्या स्थायी नियमांत १४ वा नियम आहे. प्रत्येक बैठकीत सरकारी कामकाजाला अग्रक्रम, असं तो सांगतो. विरोधी पक्षांना ठरावीक दिवस, अशासकीय विधेयकांना काही शुक्रवार, बाकी सगळा वेळ सरकारचा. सरकारकडे भरभक्कम बहुमत असतं तेव्हा या नियमाकडे कोणाचं लक्षही जात नाही. पण ८ जून २०१७ च्या निवडणुकीत पंतप्रधान थेरेसा मे यांच्या हुजूर पक्षाचं बहुमत गेलं आणि त्यांना उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या पक्षाच्या दहा सदस्यांचा टेकू घ्यावा लागला. तेव्हापासून या नियमाला किंमत आली. सभागृहात बहुमत नसलेलं सरकार सभागृहाचा दिवस मात्र ठरवत होतं.

त्यात दुसरी एक गोष्ट मिसळली, ती म्हणजे घड्याळ. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. बाहेर पडण्याची नोटीस सरकार स्वतःच्या अधिकारात देऊ शकतं की त्यासाठी संसदेचा कायदा लागतो, यावर खटला झाला. २४ जानेवारी २०१७ रोजी ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी कायदा लागतो असं सांगितलं. कायदा झाला आणि २९ मार्च २०१७ ला युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ५० खालची नोटीस गेली. या कलमात दोन वर्षांची मुदत असते. करार होवो न होवो, मुदत वाढवून मिळाली नाही तर ती संपली की देश बाहेर. म्हणजे संसदेने काहीच केलं नाही तर आपोआप, कराराविना बाहेर पडणं होणार होतं. सामान्यतः सभागृहात एखादा विषय रखडला की जैसे थे राहतं. इथे विषय रखडला तर जैसे थे संपणार होतं. म्हणून एकेक बैठकीचा दिवस मोलाचा झाला.

आता तुमच्या प्रश्नातल्या पहिल्या कोड्याकडे येतो. १५ जानेवारी २०१९ ला करार मतास टाकला गेला. मुंबईत मध्यरात्र उलटून गेली होती. मी थेट प्रक्षेपण पाहत जागा होतो. २०२ विरुद्ध ४३२. सरकारचा २३० मतांनी पराभव. कॉमन्सच्या आधुनिक इतिहासात सरकार इतक्या मोठ्या फरकाने कधी हरलं नव्हतं. पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षाचे ११८ सदस्य विरोधात गेले. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांचा अविश्वास ठराव आला, आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी टिकलं. आदल्या रात्री विरोधात गेलेले हुजूर सदस्य आणि डीयूपी, सगळे परत आले होते.

पूर्वी हे इतकं सहज झालं नसतं. पंतप्रधान म्हणू शकत असत की हा करार माझ्यासाठी विश्वासाचा प्रश्न आहे, पडला तर मी निवडणूक घेईन. बंडखोराला मग आपल्या मतदारसंघाचा विचार करावा लागे. २०११ च्या मुदतबद्ध संसद कायद्याने ते हत्यार काढून घेतलं. त्या कायद्यानुसार मुदतपूर्व निवडणुकीचे दोनच रस्ते होते: ठरावीक शब्दांतला अविश्वास ठराव मंजूर होऊन चौदा दिवसांत कोणीच विश्वास न मिळवणं, किंवा एकूण ६५० पैकी दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ सदस्यांची संमती. त्यामुळे सरकार कोणाचं आणि धोरण कोणतं, हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटले. सदस्य धोरणाविरुद्ध मत देऊनही सरकार राखू शकत होता. तुम्हाला जी विसंगती वाटते ती या कायद्याने घडवलेली शक्यता होती.

दुसरं कोडं, सरकारच्या हातातून दिवस कसा काढून घेतला गेला, हे मला जास्त जवळचं आहे. याची सुरुवात ९ जानेवारी २०१९ ला झाली. करार फेटाळला गेला तर पुढे काय करायचं हे सांगायला कायद्याने सरकारला २१ दिवस दिले होते. हुजूर पक्षाचेच माजी अॅटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांनी कामकाजाच्या प्रस्तावाला दुरुस्ती दिली की सरकारने बैठकीच्या तीन दिवसांत परत यावं. अडचण अशी होती की सभागृहाच्या आधीच्या आदेशात, हा प्रस्ताव मंत्र्यानेच मांडावा आणि तो ‘तात्काळ’ मतास टाकावा, असे शब्द होते. तात्काळ म्हणजे चर्चा नाही, आणि प्रघातानुसार दुरुस्तीही नाही. अध्यक्ष जॉन बर्को यांनी दुरुस्ती घेतली. त्यांचं म्हणणं, थोडक्यात, असं की फक्त पूर्वोदाहरणांवर चाललं तर कार्यपद्धतीत कधी काही बदलणारच नाही. दुरुस्ती ३०८ विरुद्ध २९७ ने मंजूर झाली.

माझ्यासमोर तो कागद आला असता तर मी अध्यक्षांना दुरुस्ती घेऊ नये अशीच टिपणी लिहिली असती. ‘तात्काळ’ या शब्दाचा अर्थ एका दुपारी बदलला तर उद्या दुसरा अध्यक्ष तो दुसऱ्या बाजूला वाकवेल. तरी हेही सांगायला हवं की नियमाचा हेतू वेळ वाचवणं असतो, सभागृहाला मुकं करणं नसतो. बहुसंख्य सदस्यांना दुरुस्ती हवी होती हे निकालानेच दाखवलं. अशा वेळी अध्यक्ष नियमाचा की सभागृहाचा, यावर आमच्या शाखेतही दोन मतं असायची. मी अजून नियमाच्या बाजूला आहे, पण समोरच्या बाजूला वजन नाही असं म्हणत नाही.

१८ मार्चचा निर्णय मात्र निर्विवाद होता. १२ मार्चला करार दुसऱ्यांदा पडला होता, ३९१ विरुद्ध २४२. सरकार तोच करार तिसऱ्यांदा आणणार असं दिसताच बर्को यांनी १६०४ सालापासूनचा संकेत पुढे केला: ज्यावर सभागृहाने निर्णय दिला तोच प्रश्न त्याच सत्रात पुन्हा मांडता येत नाही. वर्तमानपत्रांना चारशे वर्षांपूर्वीचा दाखला विचित्र वाटला. आम्हाला वाटला नाही. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतला ३३८ वा नियम हेच सांगतो. फरक इतकाच की आपलं सत्र काही आठवड्यांत संपतं. पडलेला विषय पुढच्या अधिवेशनात पुन्हा येऊ शकतो. ब्रिटनचं ते सत्र जून २०१७ पासून सलग चालू होतं. सरकारनेच ते लांबवलं होतं, आणि त्या लांबवलेल्या सत्रात सरकारच अडकलं. शेवटी त्यांनी राजकीय जाहीरनामा, म्हणजे भविष्यातल्या संबंधांबद्दलचं करारासोबतचं निवेदन, बाजूला काढून फक्त माघारीचा करार मतास आणला, म्हणजे प्रश्न ‘तोच’ राहिला नाही. २९ मार्चला तोही ३४४ विरुद्ध २८६ ने पडला.

त्याआधी, २५ मार्चला, खरी उलथापालथ झाली होती. हुजूर सदस्य ऑलिव्हर लेटविन यांच्या दुरुस्तीने त्या बुधवारपुरता १४ वा नियम बाजूला ठेवला गेला. ३२९ विरुद्ध ३०२. तीन कनिष्ठ मंत्र्यांनी या दुरुस्तीला मत देण्यासाठी राजीनामे दिले. त्या बुधवारी सभागृहाने आठ पर्यायांवर कागदी मतपत्रिकेने मतदान केलं, आणि आठही पडले. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा घेतले. सीमाशुल्क संघात राहण्याचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, फक्त तीन मतांनी गेला. दिवस मिळवणं आणि निर्णय मिळवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोन संध्याकाळींनी उघडं केलं. प्रत्येक गट आपल्या पहिल्या पसंतीला धरून बसला होता. दुसरं सार्वमत हवं असणाऱ्यांनी सौम्य, म्हणजे संघाशी जवळचे संबंध राखणाऱ्या, ब्रेक्झिटला मत दिलं नाही, कारण ते मंजूर झालं तर सार्वमताची आशा संपली असती. पसंतीक्रमाने मतदान घेतलं असतं तर काही निघालं असतं का? कदाचित. पण तशी पद्धत त्या सभागृहाच्या सवयीत नव्हती, आणि अशा तापलेल्या आठवड्यात नवी मतदानपद्धत कोणी स्वीकारत नाही.

नकारावर मात्र एकमत होऊ शकत होतं. करार नको म्हणणारे बहुमतात होते, कराराविना बाहेर पडणंही नको म्हणणारे बहुमतात होते. म्हणून जे दोन कायदे झाले ते दोन्ही ‘मुदत वाढवून मागा’ एवढंच सांगणारे होते. पहिला, मजूर पक्षाच्या इव्हेट कूपर आणि लेटविन यांचा, ३ एप्रिलला एका दिवसात सगळे टप्पे ओलांडून ३१३ विरुद्ध ३१२ ने कॉमन्समध्ये मंजूर झाला. आपल्या वाचकाला १७ एप्रिल १९९९ ची लोकसभा आठवेल, वाजपेयी सरकारचं २६९ विरुद्ध २७०. त्याच ३ एप्रिलला एका दुरुस्तीवर ३१० विरुद्ध ३१० अशी बरोबरी झाली आणि बर्को यांनी निर्णायक मत विरोधात टाकलं. अध्यक्षाने आपल्या मताने नवं बहुमत निर्माण करायचं नसतं, हा संकेत त्यांनी पाळला. जे त्यांना सरसकट पक्षपाती म्हणतात त्यांनी हा प्रसंगही मोजावा.

इथपर्यंतचं एका ओळीत: सरकारकडे खुर्ची होती, सभागृहाकडे नकार होता, आणि कामकाजपत्रिकेसाठी दोघांची ओढाताण चालली होती.

२४ जुलैला मे यांच्या जागी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले आणि त्यांनी ओढाताणीचं मैदानच काढून घ्यायचा प्रयत्न केला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून १४ ऑक्टोबरपर्यंत संसद संस्थगित. कलम ५० ची वाढवून मिळालेली मुदत ३१ ऑक्टोबरला संपणार होती. इथे तहकुबी आणि संस्थगिती यांतला फरक लक्षात घ्या. तहकुबी सभागृह स्वतः करतं, समित्या चालू राहतात, प्रश्न जिवंत राहतात. संस्थगिती राष्ट्रप्रमुख मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतो. त्यात सभागृहाला विचारलं जात नाही, आणि अपुरं कामकाज सहसा मोडीत निघतं.

सदस्यांकडे एका आठवड्याचीही उसंत नव्हती. ३ सप्टेंबरला लेटविन यांनी स्थायी नियम २४ खाली तातडीची चर्चा मागितली. या नियमाखालचा प्रस्ताव साधारणपणे ‘सभागृहाने अमुक विषयाचा विचार केला’ इतकाच असतो. या वेळी त्यातच दुसऱ्या दिवशीचं कामकाज कोणाचं हे लिहिलेलं होतं. बर्को यांनी तो स्वीकारला, आणि ३२८ विरुद्ध ३०१ ने तो मंजूर झाला. त्या रात्री हुजूर पक्षाने आपल्या २१ सदस्यांचा व्हिप काढून घेतला. त्यांत माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क आणि फिलिप हॅमंड होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. ९ सप्टेंबरपर्यंत मजूर पक्षाचे हिलरी बेन यांचं विधेयक, म्हणजे दोनपैकी दुसरा कायदा, मंजूर झालं: १९ ऑक्टोबरपर्यंत करार किंवा कराराविना जाण्याला सभागृहाची संमती मिळाली नाही तर पंतप्रधानांनी मुदतवाढ मागायची. पत्राचा मजकूरसुद्धा कायद्याच्या परिशिष्टात दिला होता. इतका अविश्वास मी दुसऱ्या कुठल्या अधिनियमात पाहिलेला नाही. जॉन्सन यांनी निवडणूक मागितली, पण ४३४ चा आकडा गाठता आला नाही.

तुमच्या ‘आपल्याकडे?’ या प्रश्नाचं उत्तर या २१ जणांत आहे. व्हिप काढून घेणं म्हणजे पक्षाच्या सदस्यगटातून बाहेर काढणं. सदस्यत्व शाबूत राहतं. ते २१ जण दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात बसले आणि त्यांची मतं मोजली गेली. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. म्हणून एखाद्या धोरणापुरतं सरकारविरुद्ध मत देऊन पक्षात राहणारा सदस्य आपल्याकडे जवळपास दिसत नाही. इथे मतभेद साचत राहतो आणि फुटतो तो थेट पक्षफुटीच्या रूपाने, सरकार उलथवत. ब्रिटनमध्ये मतभेद प्रस्तावागणिक बाहेर येत होता. दोन्हींची किंमत मोजावी लागते. मला स्वतःला दुसरी किंमत कमी वाटते. दहाव्या अनुसूचीतला पक्षादेश विश्वास, अविश्वास आणि अर्थसंकल्प यांपुरताच ठेवावा, असं माझं नोकरीतल्या शेवटच्या दहा वर्षांत पक्कं झालेलं मत आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय करार मंजुरीसाठी संसदेपुढे ठेवण्याची सक्ती आपल्या घटनेत नाही, त्यामुळे १५ जानेवारीसारखी रात्र आपल्याकडे उगवण्याचा तो दरवाजाही बंद आहे.

२४ सप्टेंबरला ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने अकराही न्यायाधीशांच्या एकमताने संस्थगिती बेकायदेशीर आणि शून्यवत ठरवली. संसदेच्या कामकाजात न्यायालय शिरत नाही हे तत्त्व तिथे १६८९ च्या अधिकारांच्या कायद्यापासून आहे, आपल्याकडे अनुच्छेद १२२ आणि २१२ मध्ये आहे. न्यायालयाने ते मोडलं नाही. संस्थगिती हे संसदेचं कामकाजच नाही, ते बाहेरून संसदेवर लादलं जातं, म्हणून तपासता येतं, अशी मांडणी त्यांनी केली. पुरेसं कारण दिल्याशिवाय संसदेला तिच्या कामापासून रोखता येत नाही, आणि इथे कारणच पुढे ठेवलं गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉमन्स असं भरलं की जणू मध्ये काही घडलंच नाही.

आता २२ ऑक्टोबरची संध्याकाळ. मला विद्यार्थ्यांना एकच दिवस शिकवायचा असता तर मी हा निवडला असता. जॉन्सन यांनी नवा करार आणला होता. १९ ऑक्टोबरच्या शनिवारी, १९८२ च्या फॉकलंड संघर्षानंतर प्रथमच शनिवारी भरलेल्या सभागृहात, लेटविन यांच्या दुरुस्तीने आधी कायदा, मग संमती असं ठरवलं होतं. पंतप्रधानांना मुदतवाढीचं पत्र पाठवावं लागलं. त्यांनी ते सही न करता पाठवलं. मंगळवारी, २२ तारखेला, करार अमलात आणणाऱ्या विधेयकाचं दुसरं वाचन झालं आणि ते ३२९ विरुद्ध २९९ ने मंजूर झालं. कोणत्याही ब्रेक्झिट कराराला सभागृहाने प्रथमच तत्त्वतः होकार दिला होता. लगेच पुढचं मतदान झालं ते वेळापत्रकाच्या प्रस्तावावर: सगळे टप्पे तीन दिवसांत उरकायचे. तो ३०८ विरुद्ध ३२२ ने पडला. विधेयकाला हो आणि वेळापत्रकाला नाही. सरकारने विधेयक पुढे न्यायचं थांबवलं. तपासायला आणखी काही दिवस दिले असते तर कदाचित ते त्याच सभागृहात मंजूर झालंही असतं, पण दुरुस्त्यांसह. आणि दुरुस्त्यांना वेळ देणं म्हणजे पत्रिका पुन्हा सभागृहाच्या हाती देणं होतं.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढली. ४३४ ची अट टाळण्यासाठी साध्या बहुमताने होणारा एक छोटा स्वतंत्र कायदा करून १२ डिसेंबरची निवडणूक घेतली गेली. हुजूर पक्षाला ३६५ जागा आणि ८० चं मताधिक्य मिळालं. २० डिसेंबरला विधेयक परत आलं आणि दुसऱ्या वाचनात ३५८ विरुद्ध २३४ ने मंजूर झालं. नाव तेच होतं, पण ऑक्टोबरच्या मसुद्यात एक कलम होतं की युरोपीय संघाशी भविष्यातल्या संबंधांची बोलणी कोणत्या उद्दिष्टांनी करायची हे सरकारने आधी कॉमन्सकडून मंजूर करून घ्यावं. डिसेंबरच्या मसुद्यात ते कलम नव्हतं. २०२२ मध्ये मुदतबद्ध संसद कायदाही रद्द झाला, आणि संसद विसर्जित करण्याच्या अधिकाराची तपासणी न्यायालयांनी करू नये असं नव्या कायद्यात लिहिलं गेलं.

तुम्ही मूळ कागद वाचणार असाल तर कॉमन्सच्या अहवालातले २५ मार्च, ३ सप्टेंबर आणि २२ ऑक्टोबर २०१९ हे तीन दिवस काढा. भाषणांच्या आधी त्या दिवशीचा प्रस्ताव वाचा, त्यातही शेवटची पोटकलमं, जिथे किती वाजता चर्चा थांबवून प्रश्न मतास टाकायचा ते लिहिलेलं असतं.